पेवातली पर्सेफनी

२० सप्टेंबर, शनिवार. अथेन्स

विमान खाली यायला लागलं तशा वन्संनी खिडकीला नाक लावलं आणि म्हणाल्या, "यांचा उन्हाळा अजून सरला नाही वाटतं."

खाली डोंगर होते, पण त्यांच्यावरचं गवत आपल्याकडच्या एप्रिलमधलं. वाळून भुरं झालेलं. आम्ही निघालो तेव्हा सोलापूरकडे पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, गावाकडे सोयाबीन पाण्यात उभं होतं आणि वन्संचा पाय घरातून निघत नव्हता. त्या कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या. सगळी नोकरी बांधावर आणि जीपमध्ये गेली. पुतळे, देवळं, पडके खांब यांचं त्यांना काही नाही. माझ्या नवऱ्याची रजा ऐनवेळी रद्द झाली, म्हणून त्याची मोठी बहीण माझ्याबरोबर आली, एवढंच.

मी मात्र एका गोष्टीच्या मागे आले होते. शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात वाचलेली: मुलगी पाताळात गेली की आईच्या दुःखानं हिवाळा येतो, मुलगी परत आली की वसंत. ही गोष्ट जिथं घडली असं ग्रीक लोक मानायचे, ते गाव, एलेउसिस, अथेन्सपासून वीसेक किलोमीटरवर आहे.

दुपारी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात गेलो आणि थेट त्या शिल्पापाशीच. एलेउसिसला १८५९ साली सापडलेला संगमरवरी पट, उंची २.२० मीटर, काळ इ.स.पू. ४४०-४३० च्या आसपासचा. डावीकडे राजदंड घेतलेली डिमीटर, धान्याची देवी. उजवीकडे तिची लेक पर्सेफनी, हातात लांब मशाल. मध्ये त्रिप्तोलेमोस नावाचा पोरगा. डिमीटर त्याला काहीतरी देते आहे. ते कणीस असावं असं मानतात, पण आज त्या बोटांमध्ये काहीच नाही. जगाला शेती शिकवायला निघालेला पोरगा, आणि हात रिकामा.

वन्संना बाकावर बसवून मी गोष्ट सांगितली. कुरणात फुलं वेचणारी मुलगी, नार्सिससच्या फुलाला हात घालते तोच जमीन फाटते आणि पाताळाचा राजा हेडीस सोन्याच्या रथातून तिला उचलून नेतो. हे लग्न बापानं, म्हणजे झ्यूसनं, परस्पर ठरवलेलं. आईला पत्ता नाही. ती हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्यावाचून, अंघोळीवाचून शोधत फिरते. खरं कळल्यावर देवांशी बोलणं सोडते, म्हातारीचं रूप घेऊन एलेउसिसला येते आणि शेवटी जमिनीत पेरलेलं बी उगवूच देत नाही. माणसं मरायला लागली, देवांचे नैवेद्य बंद झाले, तेव्हा झ्यूस नमला. पण हेडीसनं निघताना पोरीच्या तोंडात डाळिंबाचा दाणा घातला होता. पाताळातलं खाल्लं, आता कायमची सुटका नाही. वर्षाचा तिसरा हिस्सा खाली, दोन हिस्से आईपाशी.

"किती दाणे?" वन्संना आकडे लागतात.

जुन्या स्तोत्रात एकच. साधारण इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातलं हे डिमीटरचं स्तोत्र. त्याचं हस्तलिखित १७७७ साली मॉस्कोत सापडलं आणि आता हॉलंडमध्ये लायडनला आहे. पुढं रोमन कवी ओव्हिडनं एका काव्यात सात दाणे दिले, दुसऱ्यात तीन, आणि वर्षाची वाटणी निम्मी-निम्मी करून टाकली. सहा दाण्यांचे सहा महिने हे मुलांच्या पुस्तकातलं.

"बरं, मग ते खालचे चार महिने कोणते?"

"हिवाळ्याचे."

"कुठला हिवाळा?" वन्संनी चष्मा पुसला. "इथं पाऊस हिवाळ्यात पडतो. गहू-जव ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचं, मे-जूनला काढायचं. म्हणजे आपली रब्बीच की. हिवाळ्यात शेत हिरवं असणार. ओसाड कधी असणार? आत्ता! खिडकीतून बघितलंस ना तू?"

एवढी वर्षं ही गोष्ट सांगत होते मी. एकदाही हा प्रश्न पडला नव्हता.

२१ सप्टेंबर, रविवार. केरामिकोस

आज सर्वपित्री अमावास्या. वन्संनी सकाळी हॉटेलच्या बाल्कनीत पावाचा घास ठेवला. इथले कावळे अंगानं करडे आणि डोक्यानं काळे, जाकीट घातल्यासारखे. समोरच्या तारेवर एक बसलाही होता, पण घास कबुतरानं नेला. "चालतंय," वन्सं म्हणाल्या, "परदेशात बदली माणूस चालतो."

अमावास्येला स्मशान बघायला गेलो, असं गावी सांगायची सोय नाही. केरामिकोस म्हणजे अथेन्सच्या जुन्या तटाबाहेरचं दफनस्थान आणि कुंभारवाडा. मधून एरिदानोस नावाचा ओढा वाहतो, वाहतो म्हणजे झिरपतो, आणि थडग्यांमधून कासवं फिरतात. एक कासव एका शिलालेखावर चढायचा प्रयत्न करत होतं. आम्ही दहा मिनिटं तेच बघत उभ्या राहिलो.

इथल्या मेलेल्यांबद्दल दोन गोष्टी मला फार आवडतात. प्लुटार्क सांगतो, जुने अथेन्सकर मृतांना 'डिमीटरची माणसं' म्हणायचे. आणि सिसेरो लिहितो की प्रेत पुरल्यावर वरच्या मातीत धान्य पेरायची त्यांची जुनी रीत होती. लहान मुलांना तर मडक्यात, रांजणात घालून पुरायचे. इथल्या संग्रहालयात तशी भांडी आहेत. वन्सं एका मडक्यापाशी बराच वेळ थांबल्या. बोलल्या काही नाहीत.

मग पवित्र दरवाजा. दरवाजा कसला, आता जोत्याचे दगड. इथून एलेउसिसची यात्रा निघायची, डिमीटरच्या गुप्त दीक्षेसाठी. ग्रीक महिना बोएद्रोमिओन, तिथी एकोणीस-वीस. मी रात्री कागदावर हिशेब मांडला होता. अथेन्सचा महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू व्हायचा आणि वर्ष जूनमधल्या सगळ्यांत मोठ्या दिवसानंतरच्या पहिल्या चंद्रापासून. त्या मोजणीनं बोएद्रोमिओन म्हणजे ढोबळ मानानं आपला भाद्रपद. पौर्णिमेच्या सुमारास विधी सुरू, पुढच्या आठवड्यात यात्रा. म्हणजे, एखादा महिना इकडेतिकडे झाला नाही तर, बरोबर पितृपक्ष! वन्संना दाखवलं. त्यांनी बेरीज तपासली, बरोबर म्हणाल्या, आणि लगेच, "पण त्यावरून काही सिद्ध होत नाही हं." नाहीच होत. डिमीटरचे उपासाचे नऊ दिवस आणि उद्यापासूनचं नवरात्र यावरूनही होत नाही. योगायोगावर घर बांधू नये. ओसरीवर टेकायला मात्र हरकत नसावी.

पवित्र मार्गाला आजही तेच नाव आहे, इएरा ओदोस. बसेस, टायरची दुकानं, फर्निचरवाले, रात्रीचे गाण्याचे अड्डे. दहा-पंधरा मिनिटं चाललो आणि वन्सं एका फाटकासमोर थबकल्या. अथेन्सचं कृषी विद्यापीठ! डिमीटरच्या वाटेवरच. रविवार, सगळं बंद. त्यांनी फाटकाच्या गजांतून आतली झाडं पाहिली, फाटकापाशी माझ्याकडून स्वतःचा फोटो काढून घेतला. अॅक्रोपोलिससमोर काढू दिला नव्हता. (तो सकाळीच पाहून झाला होता. गर्दी होती.)

पुढं यात्रा केफिसोस नदीचा पूल ओलांडायची. तिथं तोंडं झाकलेली माणसं टपलेली असायची आणि येणाऱ्या बड्या धेंडांना नावं घेऊन शिव्या घालायची, अचकट-विचकट बोलायची. यात्रेत याला मानाचं स्थान होतं, कारण दुःखात बुडालेल्या डिमीटरला इआंबे नावाच्या दासीनं असल्याच चावट थट्टेनं हसवलं होतं. कोकणातला शिमगा पाहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. आता नदी बहुतेक काँक्रीटखाली आहे, वरून हमरस्ता. शिव्या ऐकू आल्या, पण त्या ट्रॅफिकमधल्या.

२२ सप्टेंबर, सोमवार. एलेउसिस

घटस्थापना. पहाटेच व्हिडिओ कॉल. सासूबाईंनी परडीत माती पसरली होती, त्यात गहू-जव पेरले, मधोमध घट, वर पहिली माळ. वयाची चौऱ्याऐंशी वर्षं झाली, पण माती अजून स्वतः चाळतात. वन्संचे नऊ दिवसांचे उपास आजपासून. योगायोग म्हणजे शरदसंपातही आजच.

बसनं गेलो. चुकीच्या थांब्यावर उतरलो, चूक माझीच, आणि अर्धा तास तेलशुद्धीकरण कारखान्याच्या भिंतीकडेनं उन्हात चाललो. डाव्या हाताला टाक्या, चिमण्या, समुद्रात गंजून उभी जहाजं. एलेउसिस, आताचं एलेफसिना, २०२३ साली युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, पण पोटापाण्याचं गाव सिमेंट-तेलाचंच. इथल्याच रारियन मैदानात जगातलं पहिलं धान्य पेरलं गेलं, अशी ग्रीकांची श्रद्धा. वन्सं वासावरूनच म्हणाल्या, "आता इथं काही उगवायचं नाही."

आत शिरलात की मात्र गाव मागं राहतं. टेकडीच्या कुशीत दगडांचा पसारा. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातला मोठा दरवाजा. त्याच्याजवळ काठ झिजलेली विहीर. दुःखी डिमीटर हिच्यापाशी बसली होती असं मानतात. पुढं दुसरा, लहान दरवाजा, ज्याला डोक्यावर पेटी घेतलेल्या दोन दगडी स्त्रिया होत्या. त्यातल्या एकीची कथा सांगायलाच हवी. ती शतकानुशतकं उघड्यावर पडून होती आणि गावकरी तिला 'संत दिमित्रा' म्हणायचे. चर्चच्या यादीत अशी कुणी संतीण नाही. शेत पिकावं म्हणून लोक तिच्याभोवती शेणखत रचायचे. १८०१ साली एडवर्ड क्लार्क हा इंग्रज ती उचलायला आला. गावकरी म्हणाले, ही गेली की पीक जाणार. नेण्याच्या आदल्या दिवशी एक बैल दावं तोडून आला आणि मूर्तीला शिंगं मारू लागला, असं क्लार्कच लिहितो. तरीही नेली. जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटलं, मूर्ती पाण्यातून काढावी लागली, आणि आज ती केंब्रिजच्या संग्रहालयात आहे. दुसरी इथल्या संग्रहालयात. तिच्या डोक्यावरच्या पेटीवर गव्हाच्या लोंब्या कोरलेल्या आहेत.

"खत घालायचे? दगडाला?" वन्संना एवढंच भावलं. "शहाणी माणसं."

मग प्लुटोनिओन. टेकडीच्या पोटातली उथळ गुहा, पुढं हेडीसच्या छोट्या देवळाचं जोतं. पर्सेफनी इथून वर आली म्हणे. गुहा इतकी साधी की मी दोनदा पुढं जाऊन परत आले. हेडीसचं नाव घ्यायला लोक भ्यायचे, म्हणून त्याला प्लुटॉन म्हणायचे. अर्थ: संपत्तीवाला. मी वन्संना विचारलं, मरणाच्या राजाकडे कसली आली संपत्ती? सोनं-चांदीच्या खाणी?

वन्सं सावलीत दगडावर बसून सफरचंद खात होत्या. म्हणाल्या, "पेव पाहिलंयस तू?"

मी शब्द ऐकलेला. 'पेव फुटलं' म्हणतो आपण, क्लासचं पेव फुटलं, बाबांचं पेव फुटलं. प्रत्यक्ष पेव मी कधी पाहिलेलं नाही. वन्संनी लहानपणी बार्शीकडे पाहिलेलं. गावठाणात मुरमात खोदलेला खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. तळाला नि कडेला कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर दगड आणि मातीनं लिंपून टाकायचं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची अशी पेवं होती. "आणि पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. विझला तर आत वाईट हवा. घाईनं उतरून माणसं गेलीत. वर्षाचं खाणं त्याच खड्ड्यात, आणि मरणही त्याच खड्ड्यात. तुझ्या राजाचं नाव बरोबर आहे."

मला तिथल्या तिथं मार्टिन निल्सन आठवला. विसाव्या शतकातला हा स्वीडिश अभ्यासक हेच म्हणत होता: ग्रीसमध्ये जूनपर्यंत मळणी उरकते, धान्य जमिनीतल्या रांजणांत, कोठारांत जातं, चार महिने उन्हानं शेत भाजत राहतं, आणि ऑक्टोबरात पेरणीसाठी कोठारं उघडतात. धान्याची पोर खाली गेली ती उन्हाळ्यात. परत आली ती पेरणीला. चार महिने, वर्षाचा तिसरा हिस्सा. हिवाळ्याची समजूत उत्तरेकडच्या वाचकांना पटली, कारण त्यांच्याकडे मारतो तो हिवाळाच. आम्ही ती त्यांच्याकडून जशीच्या तशी घेतली, आमच्या वैशाखाकडे न बघता.

एक अडचण आहे, आणि ती मी वन्संपासून लपवली नाही. स्तोत्रात स्पष्ट म्हटलंय, जमीन वसंताच्या सुगंधी फुलांनी बहरेल तेव्हा ती अंधारातून वर येईल. ही ओळ निल्सनला गैरसोयीची आहे आणि मला ती खोडता येत नाही. वन्सं म्हणाल्या, "त्यात काय? गहू दोनदा जमिनीत जातो. एकदा पेवात, एकदा तासात. उन्हाळ्यात पेवात गेला तो ऑक्टोबरात निघतो, आणि लगेच पेरला की पुन्हा खाली. निसवून दिसतो तो वसंतातच. तुझा कवी दुसरं सांगतोय, तो स्वीडनवाला पहिलं." आणि सफरचंदाचा गाभा पिशवीत टाकून उठल्या.

जाता जाता बळीचं मीच काढलं. पाताळात घातलेला राजा, वर्षातून एकदा दिवाळीच्या पाडव्याला वर येणारा, आणि ज्याच्या नावानं आपण शेतकऱ्याला बळीराजा म्हणतो. बाया 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणून ओवाळतात ते पाताळातल्याच राजाला. वन्सं हसल्या. "तेवढ्यासाठी इथवर यायला लागलं होय तुला?"

मुख्य दीक्षागृह, तेलेस्तेरिओन, म्हणजे सुमारे पन्नास मीटर लांबी-रुंदीचा चौक, बेचाळीस खांबांचे पाये, कडेनं खडकात कोरलेल्या पायऱ्या. तीन हजार माणसं मावत असतील. गुलाम, बाया, परगावचे, कुणालाही प्रवेश. अट दोनच, ग्रीक समजायला हवी आणि हात खुनानं विटाळलेले नकोत. आत काय व्हायचं ते सांगणाऱ्याला मृत्युदंड. त्यामुळे हजारेक वर्षं चाललेला सोहळा, ऑगस्टस, हेड्रियनसारखे बादशहा दीक्षा घेऊन गेले, आणि तरी आत नेमकं काय दाखवायचे ते धड कुणी लिहून ठेवलं नाही. इ.स. ३९२ मध्ये सम्राट थिओडोसिअसनं जुन्या पूजांवर बंदी घातली, ३९६ मध्ये अलारिकच्या गॉथ टोळ्यांनी ही जागा उद्ध्वस्त केली. हिप्पोलिटस नावाचा ख्रिस्ती लेखक तेवढा म्हणतो की शेवटचं मोठं रहस्य होतं शांतपणे कापून दाखवलेलं एक कणीस. तो विरोधक होता, टिंगलीसाठी लिहीत होता. मला ते खरं वाटतं, तेही याच कारणानं. असलं साधं रहस्य कोण बनवून सांगेल?

दीक्षार्थी उपास सोडायचे किकेऑननं: जवाचं पीठ, पाणी, पुदिन्याच्या जातीची पानं. डिमीटरनं वाइन नाकारून हेच मागितलं होतं. आपलं सातूचं पीठच. विसाव्या शतकात काहींनी तर्क केला की त्या जवावर अरगट बुरशी असावी, आणि दिसायचे ते दृष्टान्त तिच्यामुळं. अरगटपासूनच एलएसडी बनवणारा आल्बर्ट हॉफमनही त्यात होता. वन्संना अरगट म्हटल्यावर एकदम तरतरी आली. बाजरीवरचा अरगट त्यांनी उभ्या हयातीत किती पाहिला! "कणसातून मधासारखा चिकटा गळतो. असली बाजरी पोटात गेली की मळमळतं, ओकाऱ्या होतात, गुंगी येते. मिठाच्या पाण्यात बी टाका, तरंगतं ते काढा, हे आम्ही ओरडून सांगायचो. देव दिसल्याची तक्रार एकाचीही नव्हती."

संग्रहालयात एक मोठा रांजण आहे, १.४२ मीटर उंचीचा, इ.स.पू. सातव्या शतकातला. गळ्यावर होमरच्या काव्यातला वीर ओडिसिअस राक्षसाचा डोळा फोडतोय, पोटावर गॉर्गन नावाच्या राक्षसिणी धावताहेत. त्यात एका लहान मुलाचं दफन होतं. वन्संनी तो सगळ्या बाजूंनी पाहिला. "साठवणीचंच भांडं," म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना भडोचच्या माणसाची हकिकत सांगितली. इ.स.पू. २० च्या सुमाराला ऑगस्टसकडे हिंदुस्थानातून वकिलात आली होती. तिच्यातल्या एकानं अथेन्समध्ये स्वतःला जाळून घेतलं. स्ट्रेबो त्याच्या थडग्यावरचा लेख देतो: बार्गोसाचा हिंदी झार्मानोखेगास, आपल्या पूर्वजांच्या रीतीनं स्वतःला अमर करून इथं निजला आहे. बार्गोसा म्हणजे बारिगाझा, आपलं भडोच, असं मानतात. आणि कॅसियस डिओ सांगतो की आगीत शिरण्याआधी त्यानं एलेउसिसची दीक्षा घेतली होती, वेळेआधी विधी भरवून. म्हणजे त्या पायऱ्यांवर आपल्या बाजूचा एक माणूस बसून गेलाय. त्यानं ते कणीस पाहिलं. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. वन्सं तोवर झोपल्या होत्या.

२३ सप्टेंबर, मंगळवार. पार्गा

दिवसभर बस. कोरिंथच्या आखातावरचा रिओ-आंतिरिओ पूल लांबून शिडांच्या गलबतांसारखा दिसतो. २००४ सालचा, जवळजवळ तीन किलोमीटर. पलीकडे हळूहळू डोंगर हिरवे व्हायला लागले. एपिरसमध्ये पाऊस जास्त. पोटात उपासाचे बटाटे नि दही.

रात्री बाल्कनीतून पूर्वेला डोंगरामागून कृत्तिका वर येताना दिसल्या. हेसिअड या जुन्या कवीनं शेतकऱ्याला सांगून ठेवलंय: कृत्तिका पहाटे उगवू लागल्या की कापणी धर, पहाटे मावळू लागल्या की नांगर धर, आणि नांगराला हात लावताना पाताळातल्या झ्यूसची नि डिमीटरची प्रार्थना कर. पाताळातल्या! पेरणीला आकाशातला देव त्यालाही पुरेसा वाटला नव्हता.

२४ सप्टेंबर, बुधवार. नेक्रोमांतिओ

मेसोपोतामोस गावाच्या वर टेकडीवर मृतांशी बोलण्याची जागा. खाली पूर्वी आखेरुसिया नावाचं दलदलीचं सरोवर होतं. ते उपसून आता शेतं झाली आहेत, मका उभा आहे. ओडिसिअसला पाताळाचं दार ज्या नद्यांच्या संगमावर सापडलं ती अखेरॉन इथूनच समुद्राला मिळते. "नावातच अखेर आहे," वन्सं म्हणाल्या. व्युत्पत्ती खोटी, पण मी दुरुस्त केली नाही.

हिरोडोटसची इथली गोष्ट भयंकर आहे. कोरिंथचा हुकूमशहा पेरिआंदर मेलेल्या बायकोला, मेलिस्साला, काही विचारायला माणसं पाठवतो. ती म्हणते, मी उघडी आहे, थंडी वाजते, माझे कपडे पुरलेत पण जाळले नाहीत, काही सांगणार नाही. मग हा गावातल्या बायकांना सणाला म्हणून बोलावतो आणि सगळ्यांची वस्त्रं उतरवून जाळतो. मेलेलीच्या थंडीवर जिवंतांना उघडं करण्याचा उपाय.

आत जाड भिंतींच्या वेड्यावाकड्या वाटा, खोल्या, आणि मध्यावर लोखंडी जिन्यानं खाली जाणारं भुयारी दालन. पंधरा कमानी. खाली गारवा, ओल, माणसाचा आवाजच उमटत नाही. वर अठराव्या शतकातलं योहानाचं चर्च. सोतिरिओस दाकारिस यांनी १९५८ पासून इथं उत्खनन केलं आणि हीच ती जागा असं सांगितलं. सापडलेली लोखंडी-काशाची चक्रं म्हणजे भुतं तरंगवायचं यंत्र, असं त्यांचं म्हणणं. मग डीटवुल्फ बाट्स या जर्मन अभ्यासकानं ती चक्रं तपासली, तर ते गोफणयंत्राचे, म्हणजे दगड-बाण फेकणाऱ्या युद्धयंत्रांचे भाग निघाले. आता बरेच जण म्हणतात, ही तटबंदीची गढी असावी, शेतवाडा, रोमनांनी इ.स.पू. १६७ मध्ये जाळलेला. कारण खोल्याखोल्यांत काय सापडलं? रांजण. रांजणांत जळका गहू, जव, घेवड्यासारखे दाणे.

हे वाचून वन्सं इतक्या हसल्या की तिकीटवाला बाहेर आला. "पेव! मी काय सांगत होते? पेव उघडलं आणि तुम्हाला भुतं दिसली."

मी जरा हिरमुसले. सहा तास बस करून पाताळ बघायला यावं आणि निघावं गोदाम. पण पुन्हा एकदा एकटीच खाली उतरले. भिंतीला हात लावला. ओली, गार. गोदाम असेल. अंधार तरीही अंधारच होता.

२५ सप्टेंबर, गुरुवार. ग्लिकी

अखेरॉनचे झरे. पाणी निळसर-हिरवं, बर्फासारखं, दोन्ही बाजूंना कडे. लोक गुडघाभर पाण्यातून वर चालत जातात. वन्संनी सलवार खोचली आणि माझ्या पुढं निघाल्या. ग्रीक लोक मेलेल्याच्या तोंडात पाताळाची नदी उतरवणाऱ्या नावाड्यासाठी नाणं ठेवत, आपल्याकडे तुळशीपत्र नि सोन्याचा कण ठेवतात, हे मी ओरडून सांगत होते. पाण्याच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. परत आल्या त्या ओंजळीत दोन चपटे गोटे घेऊन, वरवंट्याशेजारी ठेवायला.

२६-२७ सप्टेंबर

समुद्र, झोप, धुणं. शनिवारी दुपारी पहिला पाऊस. मातीचा वास अगदी आपल्या मृगासारखा, फक्त महिना चुकलेला. समोरच्या टपरीवाल्यानं खुर्च्या आत न घेता बाहेर येऊन आभाळाकडे तोंड केलं.

२८ सप्टेंबर, रविवार

बसला वेळ होता म्हणून चर्चमध्ये डोकावलो. प्रार्थना संपत आली होती. पुढं टेबलावर एक मोठं ताट, त्यावर पांढऱ्या साखरेचा थर, साखरेवर चंदेरी गोळ्यांचा क्रूस, एक मेणबत्ती. कुणाच्या तरी चाळिसाव्याची पूजा असावी. नंतर काळ्या कपड्यांतल्या एका बाईनं ताट मोडलं, कागदी पिशव्यांत भरलं आणि दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक पिशवी दिली. आमच्याही. आम्ही कोण, कुठल्या, तिनं विचारलं नाही. नुसती मान हलवली.

पायरीवर बसून उघडलं. कोलिवा. उकडलेले अख्खे गहू, साखर, बदाम, मनुका, आणि डाळिंबाचे दाणे.

वन्सं बघत राहिल्या. "गहू," म्हणाल्या. "श्राद्धाचे. आणि मला उपास."

टाकायचं तर जिवावर आलं, खायचं तर सातवी माळ. शेवटी आईला विचारू म्हणून फोन लावला. पडद्यावर आधी घट दिसला. धान बोटभर वर आलेलं, देवघराच्या कोपऱ्यात ऊन नाही म्हणून पिवळंधमक, माळेला टेकलेलं. मग सासूबाईंचा चेहरा. वन्संनी पिशवी कॅमेऱ्यासमोर धरली आणि सगळं सांगितलं.

सासूबाई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "कुणाचं गं?"

"माहीत नाही आई."

"बाई होती का पुरुष?"

"तेही माहीत नाही."

"असू दे. दिलंय ते टाकू नको. डाळिंब उपासाला चालतं. तेवढं वेचून तू खा, गहू हिला दे."

वन्सं पिशवी मांडीवर घेऊन दाणे वेचायला बसल्या, तांदळातले खडे काढावेत तशा. साखर झटकून एकेक तोंडात टाकत होत्या. किती निघतात ते मी मनात मोजत होते. त्यांच्या लक्षात आलं.

"मोजू नकोस," त्या म्हणाल्या आणि उरलेली पिशवी माझ्या हातात दिली. "गहू खा. बस येईल."